घोळक्यातली आणि एकटी



बक्षिसांची यादी लांबलचक आहे, म्हणून फार वेळ घेणार नाही. घाटकोपरात साहित्यावर बोलायला उभं राहिलं की अण्णाभाऊ साठ्यांचं नाव घ्यावंच लागतं. वाटेगाव सोडून मुंबईत आलेला हा माणूस इथल्या चिरागनगरात झोपडीत राहिला आणि लिहिता राहिला. आज मात्र मी दोन बायकांबद्दल बोलणार आहे, बेबीताई कांबळे आणि उर्मिला पवार. दोघी खेड्यात जन्मल्या, दोघींनी आत्मचरित्र लिहिलं, दोघींची पुस्तकं माया पंडित यांनी इंग्रजीत नेली. त्यामुळे समीक्षक त्यांना एकाच ओळीत बसवून मोकळे होतात. मला ते पटत नाही.

बेबीताई 1929च्या, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावच्या. तिथं आजोळी वाढल्या. आजोबा साहेबांकडे बटलर, त्यामुळे महारवाड्यातल्या इतरांपेक्षा घर बरं खाऊनपिऊन होतं. त्यांचं ‘जिणं आमुचं’ हे आत्मचरित्र वाचताना आपण बेबी नावाच्या एका मुलीला शोधत राहतो आणि सापडतो सगळा महारवाडा: आषाढातल्या जत्रा, अंगात येणं, बाळंतिणींची उपासमार, सासुरवास. त्या स्वतःबद्दल बोलायला घाईच करत नाहीत. पुढे फलटणला शाळेत गेल्या, तेव्हाही वस्तीतल्या मुलींचा घोळका बरोबर होता. वर्गात वेगळं बसवायचे, सवर्ण मुली टोमणे मारायच्या. मग या पोरीही भांडायच्या, चांगल्या कडाकडा भांडायच्या. बाबासाहेबांचं नाव तोवर वस्तीत पोचलं होतं आणि पाठीशी ते बळ होतं.

उर्मिलाताई 1945च्या, रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या. त्या गावच्या बायका लाकडाचे, गवताचे भारे डोक्यावर घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जायच्या. भटवाडी-असल्फ्याच्या मुलांनो, मे महिन्यात गावी जाताना तुमची एसटी ज्या घाटात घरघरते, तसल्याच चढणी, पण पायी. वडील शिक्षक. मुलं शिकावीत म्हणून त्यांनी बिऱ्हाड रत्नागिरीला हलवलं, आणि उर्मिला तिसरीत असताना ते गेले. आई बांबूची आयदानं विणून घर चालवू लागली. सुपं, टोपल्या घरोघर पोचवायला ही मुलगी जायची. गिऱ्हाईक दारात लांब उभं करायचं, टोपलीवर पाणी शिंपडून घ्यायचं आणि पैसे वरून टाकायचं.

शाळेत ती एकटी पडली. गुरुजींनी तिला शेण काढायला लावलं, मारलंही. आई रस्त्याकडेला विणत बसलेली असायची. तेच गुरुजी समोरून जाताना तिनं त्यांना अडवलं आणि भर रस्त्यात सुनावलं: मी विधवा बाई इथं बसून राबते ती मुलं शिकावीत म्हणून, आणि तुम्ही माझ्या पोरीला असं वागवता? त्यानंतर गुरुजींचा हात उठला नाही. हा प्रसंग मी वाचला तेव्हा मला आईच्या हातातली बांबूची कांब दिसत राहिली. बोलताना तिनं ती खाली ठेवली असेल का? मला वाटतं, नसेल.

वर्गातल्या मुलींनी मिळून जेवण करायचं ठरवलं, तेव्हा उर्मिलाचा स्वयंपाकाला हात लागू दिला नाही. आणि दुसऱ्या दिवशी कुजबूज कशाची, तर ही किती जेवली त्याची! बेबीताईंच्या घोळक्यात अशा कुजबुजीला तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं. इथं ती मुलगी गप्प राहिली आणि तिचं आत्मचरित्र ‘आयदान’ आलं थेट 2003 साली. एकटीला उत्तर द्यायला वेळ लागतो.

बरं, बाहेर जागा मिळाली म्हणजे घरात मिळतेच असं कुठं आहे? बेबीताई फलटणला किराणा दुकान चालवायच्या. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या आणि लिहिलेलं नवऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून जुन्या कागदांत दडवायच्या. वीसेक वर्षं ते तसंच पडून होतं. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी आग्रह धरला, तेव्हा ते ‘स्त्री’ मासिकातून बाहेर आलं. उर्मिलाताई मुंबईत सरकारी नोकरी आणि संसार सांभाळून एम.ए. झाल्या, तर ते शिकणंही नवऱ्याला खुपलं. आंबेडकरी चळवळीतली घरं ही, हे विसरू नका. मुलींनो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मुलांनो, तुम्ही मात्र ही पानं सावकाश वाचा.

पुढे दोघींनी काय केलं तेवढं सांगतो आणि बसतो. उर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर आंबेडकरी चळवळीतल्या, कुणी नावही न घेतलेल्या बायका शोधल्या, त्यांच्या दारात जाऊन आठवणी टिपल्या. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक त्यातून आलं. आणि बेबीताईंनी फलटणजवळ निंबुऱ्याला मागासवर्गीय मुलांसाठी निवासी शाळा चालवली.