नंबर मोठा म्हणजे माल भारी?



आम्ही वऱ्हाडातली माणसं कापसाच्या हिशेबाने विचार करतो. अमरावती असो की अकोला, बाजारात गाडी लागली की व्यापारी मूठभर कापूस उचलतो, धागा ओढून पाहतो आणि प्रत ठरवतो. वरची प्रत, वरचा भाव. त्यामुळे ‘ग्रेड’ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे शिडीच उभी राहते. या शिडीवरून गेल्या वर्षी आमच्या घरातलाच एक माणूस पडता पडता वाचला.

माझा भाचा अकोल्याच्या एमआयडीसीत लहानसं वर्कशॉप चालवतो. कापड ब्लीच करणाऱ्या एका कारखान्याने त्याला टाकीतलं पाणी तापवणारं नळीचं वेटोळं करायला सांगितलं. आधीच्या स्टेनलेस स्टीलच्या वेटोळ्याला क्लोरिनच्या पाण्याने भोकं पाडली होती. म्हणून आता टायटॅनियम! धातू महागडा. भाचा पतसंस्थेचा कागद घेऊन आला, जामीनदार म्हणून माझी सही हवी होती.

‘‘कोणतं टायटॅनियम घेतोस?’’ मी विचारलं.

‘‘पाच नंबरचं, मामू. एक-दोन नंबर तं हलका माल. इतका पैसा लावाचा तं मजबूतच घेतो ना!’’

मी बी.ए. झालेला, कवितेचा माणूस. पण सहीआधी कागद वाचायची सवय आहे. त्याच्याजवळचा इंग्रजी तक्ता मी त्याला वाचून दाखवू लागलो आणि दोघांचेही डोळे उघडले.

1 ते 4 नंबर म्हणजे जवळजवळ शुद्ध टायटॅनियम. फरक मुख्यतः त्यात मुरलेल्या ऑक्सिजनचा. पहिल्यात तो जास्तीत जास्त 0.18 टक्के, चौथ्यात 0.40. ऑक्सिजन वाढला की धातू कणखर होतो, पण वाकायला नाखूश. 5 नंबरात 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम. ताकद 2 नंबरच्या तिप्पट. विमानाला, हाडात बसवायच्या रॉडला तो उत्तम. पण थंड नळी वाकवून वेटोळं करायचं, तर तो हट्टी. वाकवला तरी परत उसळतो. आणि 7 नंबर? तो म्हणजे 2 नंबरच, फक्त चिमूटभर पॅलेडियम घातलेला! म्हणजे नंबर ही शिडी नव्हेच. ती नुसती नावं.

भाच्याच्या वेटोळ्यावर भार असा नव्हताच. झुंज होती खाऱ्या, तिखट पाण्याशी. आमच्या खारपाणपट्ट्यात मीठ लोखंडाचं काय करतं, हे सांगावं लागत नाही. टायटॅनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. हे कवच 2 नंबरकडेही पुरेपूर असतं. धोका एकच. फार गरम खाऱ्या पाण्यात, गॅस्केटखालच्या बारीक फटीत ते कवच हरू शकतं. तिथे 7 नंबर लागतो.

‘‘पाणी किती तापते, हे इचारलं का?’’ मी म्हटलं. विचारलं नव्हतं. त्याने तिथूनच फोन लावला. 60 अंशांच्या आत. साधारण 70 अंशांच्या खाली फटीची ती भीती नसते. म्हणजे 2 नंबर. कर्जाचा आकडा खाली आला आणि मी सही केली.

पुढे त्याने आर्गॉन वायूच्या आडोशात सांधे जोडले. तापलेलं टायटॅनियम हवा पिऊन ठिसूळ होतं; सांधा निळा-पांढरा पडला तर काम बिघडलं समजावं. त्याने मला बोलावून सांधा दाखवला. चांदीसारखा लखलखीत होता.

घरी येताना मला आपली देशी पऱ्हाटी आठवली. तिचा आखूड, जाड धागा बारीक सुताच्या गिरणीला नको असतो. पण दवाखान्यातल्या जखमेवरच्या कापसासाठी तोच पसंत, कारण तो ओल चांगली टिपतो. बाजाराने खालची प्रत ठरवलेला धागा तिथे पहिला होतो.

तेव्हा श्रोतेहो, भारी कोणतं, हे विचारण्याआधी काम कोणतं, हे विचारावं. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तर नक्कीच.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)