आजीने वापरून पाहिलं का?

(डेव्हन ॲव्हेन्यूवर झालेल्या आपल्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



शाळकरी मुलांनी रोजच्या अडचणींवर स्वतः उपाय शोधावेत म्हणून आपल्या मंचाने स्पर्धा सुरू करावी, महाराष्ट्रातल्या काही शाळांत आणि इथल्या आपल्या मुलांसाठीही, असा प्रस्ताव आहे. मी संशोधनात काम करते, तेव्हा मी त्याचं कौतुक करीन अशी तुमची अपेक्षा असणार. कौतुक करणारच आहे, पण आधी एक कबुली देते.

माझी मुलगी चौथीत असताना तिच्या शाळेत ‘इन्व्हेन्शन फेअर’ होतं. घरातली एखादी अडचण शोधायची आणि तिच्यावर उपाय तयार करायचा. त्या हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. वय शहात्तर, बोटांत संधिवात. इथल्या गोळ्यांच्या बाटलीचं ते दाबून फिरवायचं झाकण त्यांना काही केल्या उघडत नसे. मुलीच्या हे लक्षात आलं, माझ्या आलं नाही. मी पॉलिमरमध्ये डॉक्टरेट केलेली बाई, प्लास्टिकच्या झाकणावर तासभर बोलू शकेन. पण रोज सकाळी सात वाजता आजी नातीला हाक कशासाठी मारते, याचा मला पत्ता नव्हता.

मुलीने भांडी घासायच्या रबरी हातमोज्याचा तुकडा कापून झाकणावर ओढून बसवला, आणि बाटली फिरू नये म्हणून लाकडाच्या ठोकळ्यात एक खाच केली. बस्स, एवढंच. मला ते फारच साधं वाटलं. मग मी आणि माझा नवरा दोन वीकेंड बसलो. मोटर आली, दिवा आला, ठरल्या वेळी वाजणारा बझर आला. दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी एका बाईंनी मुलीला विचारलं, “आजीने वापरून पाहिलं का?” ती म्हणाली, “आई हात लावू देत नाही. तुटेल म्हणते.”

तो डबा अजून आमच्या बेसमेंटमध्ये आहे. सासूबाई मात्र परत जाईपर्यंत रबराचा तुकडाच वापरत होत्या.

ही झाकणं अमेरिकेत १९७० च्या कायद्यामुळे आली. लहान मुलं चुकून गोळ्या गिळत, ते थांबावं म्हणून. असं झाकण मंजूर होण्याआधी त्याची चाचणी पाच वर्षांखालच्या मुलांवर घेतात आणि पन्नास ते सत्तर वयाच्या माणसांवरही. म्हणजे सासूबाई चाचणीच्या वयाच्याच पलीकडे गेलेल्या! डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाला फार्मसीत मागितलं तर साधं झाकण मिळतं, हे आम्हाला नंतर कळलं. मी मुलीला ते सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, “मग छोट्याचं काय?” धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. आजीला उघडलं पाहिजे आणि छोट्याला उघडता कामा नये, हा खरा प्रश्न. तो नऊ वर्षांच्या मुलीला दिसला होता आणि आम्ही दोघं मोटर बसवत होतो.

तेव्हापासून मी अशा स्पर्धांकडे जरा संशयाने बघते. स्पर्धा वाईट नसते. आपल्यासारखे शिकलेले, हौशी आईबाप ती पळवून नेतात.

गेल्या शरद ऋतूत आपल्या मराठी शाळेतल्या सात मुलांना घेऊन मी एका शनिवारी याच रस्त्यावर फिरले. नियम एकच. पहिला तासभर कुणी उपाय सांगायचा नाही. कोण वाकतंय, कोण अडतंय, कोण दुसऱ्याला हाक मारतंय, एवढंच वहीत लिहायचं. एका मुलाने किराणा दुकानात वीस-वीस पौंडांच्या कणकेच्या पिशव्या रचणारा कामगार पाहिला आणि लगेच चाकाच्या गाडीचं चित्र काढलं (नियम तासभरही टिकला नाही). म्हटलं, जा, त्यांनाच विचार. तो शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारून आला. ते गृहस्थ हसले म्हणे. पिशव्यांचं काही नाही, म्हणाले, त्रास कोथिंबिरीच्या खोक्यांचा. बर्फाच्या पाण्याने खोकी भिजतात, तळातून फाटतात आणि बोटं बधिर होतात. पोराने गाडीचं चित्र खोडलं. त्या दिवशीची सर्वांत मोलाची घटना म्हणजे ते खोडणं.

किराणा दुकानावरून एक मराठी माणूस आठवतो, शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईत, १८६७ चा. दुकानदार मापात मारतात, ही लोकांची तक्रार त्यांच्या कानावर आली आणि त्यांनी माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राचा आराखडा केला. तो लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेला पाठवला आणि पहिला आला. हे १८९० च्या दशकातलं, जेव्हा हिंदी माणसाला यंत्रातलं काय कळतं, असं खुशाल बोललं जाई. भिसे पुढे इंग्लंडला गेले, दादाभाई नौरोजींनी त्यांना मदत केली; छपाईचे खिळे ओतणारं ‘भिसोटाइप’ यंत्र त्यांनी तिथे घडवलं. पण भांडवल उभं राहताना पुन:पुन्हा अडचणी आल्या. १९३५ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये वारले. स्पर्धेने त्यांना दार उघडून दिलं. दाराच्या आत वर्कशॉप, पैसा आणि वेळ लागतो, तो कुठल्याच पहिल्या बक्षिसात बसत नाही.

भारतात आज स्पर्धांची उणीव नाही. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालू आहे. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि मग मुलाचा स्वतःचा प्रकल्प असतो. कल्पना उत्तम, पण आता तिच्यासाठीही क्लास निघाले आहेत, आणि तयार प्रकल्प पाठ करणारी मुलं मी पाहिली आहेत. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर मानक’ योजनेत निवडलेल्या मुलाला नमुना तयार करायला दहा हजार रुपये मिळतात. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या ‘इग्नाइट’ स्पर्धेत पाटण्याच्या एका शाळकरी मुलीने जिन्यावरही चालेल असा वॉकर सुचवला, पुढचे पाय कमी-जास्त करता येणारा. आजोबांना गच्चीवर जाता येईना, एवढीच सुरुवात. फाउंडेशनने तो बनवून घेतला आणि नागपूरच्या एका कंपनीने बाजारात आणला. जिना आणि आजोबा तिच्या घरातलेच होते, म्हणून ते जमलं.

आणखी एक नाव घेते, डॉ. श्रीनाथ कलबाग. आपल्याच इलिनॉयमधून डॉक्टरेट घेऊन ते भारतात परतले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात राहिले आणि १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथली मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज हे काम करत शिकतात आणि गावाला सेवाही पुरवतात. दरवाजाचं बिजागर नीट बसलं की नाही, हे दरवाजाचा मालक ठरवतो. त्याच्याहून कडक परीक्षक मला माहीत नाही. हातांनी काम करणाऱ्याला कमी लेखायची आपली जुनी खोड तिथे एका सत्रात जिरते.

तेव्हा प्रस्तावाबद्दल माझं म्हणणं असं. मोठं पहिलं बक्षीस नको. ते पैसे शाळांना सामानासाठी, हत्यारांसाठी आणि शिक्षकांना मोकळा वेळ मिळावा म्हणून द्यावेत. वस्तू दोनदा बघावी, मधे चार-सहा महिने जाऊ द्यावेत. पहिली वस्तू फसली असेल तर का फसली, याला गुण असावेत. परीक्षकांत ज्याची अडचण आहे तो माणूस असलाच पाहिजे, मग तो शेतमजूर असो की शाळेची मावशी.

आणि एक जरा अवघड गोष्ट. प्रत्येक अडचण यंत्राने सुटायची नसते. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, अशी अडचण एखादी मुलगी लिहील. तिने त्यावर काहीतरी जुगाड शोधावं, अशी अपेक्षा करणं निर्लज्जपणाचं आहे. तिने ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला, पोच घेतली आणि पाठपुरावा केला, तर आपल्या स्पर्धेत तोही उपाय धरला जावा. काहींना हे विज्ञान वाटणार नाही. चर्चेत बोलू या, माझी तयारी आहे.

खोक्याचं पुढे काय झालं, असं मघाशी एकाने चहाच्या वेळी विचारलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा झोळणा केला, तो ताणून लोंबला. मग कॅनव्हासचा पट्टा केला, तो भिजून जड झाला. तिसरा बरा होता, पण मूठ फार वर आली. मुलाने माप स्वतःच्या बाबांच्या उंचीने घेतलं होतं आणि ते गृहस्थ ठेंगणे. आता तो मोजपट्टी घेऊन गेला होता. चौथा पट्टा या शनिवारी न्यायचा आहे.