कानबाईनंतरचा इंग्रजीचा तास

गोडादऱ्यातलं मूल सकाळी आईशी अहिराणीत बोलतं, शाळेत मराठी वाचतं, कोपऱ्यावरच्या दुकानात गुजरातीत हिशेब करतं आणि संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळताना हिंदीत भांडतं. गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या सुरतेच्या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आलेली हजारो घरं आहेत. कुणी लूमच्या खात्यात, कुणी मिलमध्ये, कुणी कापड मार्केटमध्ये कामाला. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळाही सात माध्यमांत चालतात : गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. चार भाषांत रोज वावरणाऱ्या या मुलाला भाषा जमत नाही, असं मी तरी कधी म्हणणार नाही. पण तेच मूल इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसतं. मी इंग्रजी शिकवते, आणि या गप्प बसण्याबद्दलच आज मला बोलायचं आहे.

मराठी माणसानं सुरतेत इंग्रजी शाळेत शिकवणं नवं नाही. मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर 1840च्या दशकात इथल्या इंग्रजी शाळेत शिकवत होते, आणि 1844 साली गुजराती समाजसुधारक दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी इथेच मानवधर्म सभा काढली. तेव्हा इंग्रजी मोजक्यांची होती. आता ती सगळ्यांच्या दारात आली आहे. महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. गुजरातच्या सरकारी शाळांत ते 2022च्या जूनपासून पहिलीपर्यंत खाली आलं : पहिली-दुसरीत नुसतं ऐकायचं-बोलायचं, पुस्तक तिसरीपासून. हा निर्णय मला पटतो. मात्र पुस्तक नसलेल्या तासाला बोलायचं काय, हा प्रश्न त्यानंतर शिक्षकाच्या गळ्यात येतो.

माझं उत्तर आहे, सण. पण सणावरचा दहा ओळींचा निबंध नव्हे. तो सगळ्यांना पाठ असतो. ‘दिवाली इज अ फेस्टिव्हल ऑफ लाइट्स. वी वेअर न्यू क्लोद्स. वी ईट स्वीट्स.’ गाइडातला हा मजकूर पिढ्यान्‌पिढ्या मुलं घोकत आली आहेत. त्यात चूक एकही नसते आणि मूलही कुठे नसतं. आमच्याकडे दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणजे साडीचा सीझन. आया घरात गठ्ठे आणून धागे कापतात, टिकल्या लावतात, मुलं हाताखाली असतात. मग मार्केट बंद होतं आणि घरंच्या घरं भुसावळकडच्या गाडीत चढतात. निबंधातल्या दहा ओळींत यातलं काही नाही.

म्हणून मी कानबाईपासून सुरुवात करते. खानदेशाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते : श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर देवी मांडतात. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू घेतात, त्या पिठाचे रोट होतात. सोबत पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. भाऊबंद एकत्र येतात, रात्रभर जागरण होतं, आणि सोमवारी गाण्या-फुगड्यांसह मिरवणुकीनं विसर्जन. इंग्रजीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला कानबाई भेटलेली नाही. तिच्यावर तयार निबंधही मिळत नाही, आणि माझ्या दृष्टीनं हीच तिची मोठी सोय आहे. मुलाला पाठ म्हणायला काही नसतं, त्यामुळे त्याला बोलावं लागतं.

विसर्जनानंतरच्या पहिल्या तासाला निम्म्या वर्गाच्या डोळ्यांवर झोप असते. मी फळ्यावर काही लिहीत नाही. एवढंच विचारते, ‘हू स्लेप्ट लास्ट? हू वोक अप फर्स्ट?’ एक हात वर येतो. ‘माय आजी नो स्लीप.’ मी म्हणते, ‘युअर आजी डिडन्ट स्लीप! व्हाय?’ पाठीमागून एक मुलगी, जी एरवी हजेरीलाही हळू बोलते, म्हणते, ‘शी सिंग. ऑल नाइट शी सिंग.’ ‘शी सँग ऑल नाइट,’ मी म्हणते आणि पुढे जाते. थांबून दुरुस्ती करत नाही. थोड्या वेळानं तीच मुलगी सांगते, ‘माय आई सँग टू.’ ते ‘सँग’ तिच्या तोंडी आपसूक आलं. क्रियापदांचा तक्ता तिनं त्याआधी कितीतरी वेळा वहीत उतरवला होता.

सणाला तीन काळ असतात. सण यायच्या आधी घरात काय होणार आहे, कोण येणार आहे, हे सांगायला भविष्यकाळ लागतो. करताना पीठ घे, पाणी घाल, मळ, थाप, असे हुकूम लागतात. झाल्यावर भूतकाळ. दरवर्षी सण परत येतो, म्हणजे पहिलीत तीन शब्दांत सांगितलेली कानबाई पाचवीत पंधरा वाक्यांत सांगता येते. मूल स्वतःच आपली वाढ बघतं. व्याकरणाचा इतका चांगला क्रम मला अजून कुठल्या पुस्तकात मिळालेला नाही.

हे मला सुचलेलं शहाणपण नाही. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या साध्यासुध्या शाळांत एक प्रयोग केला. तो बंगळूर प्रकल्प म्हणून जगभर शिक्षकांना माहीत आहे. रेल्वेचं वेळापत्रक वाचून गाडी शोध, नकाशा बघून वाट सांग, अशी कामं ते मुलांना देत. मुलाचं लक्ष अर्थावर असलं की व्याकरण मागाहून आत उतरतं, असं त्यांचं म्हणणं होतं. काम खरं हवं आणि त्यासाठी डोकं चालवावं लागायला हवं. उधना-भुसावळ मार्गाचं वेळापत्रक आमच्या मुलांच्या हातात दिलं, की अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, मामाच्या गावी कधी पोहोचायचं यावर वर्गात घनघोर चर्चा होते. तुटकी का होईना, ती इंग्रजीत होते.

असंच दुसरं काम कॅलेंडरचं. कालनिर्णय मराठीत निघतं, गुजरातीत निघतं, इंग्रजीतही निघतं. तिन्ही भिंतीवर लावून मी विचारते, नवं वर्ष कधी? गोडादऱ्यातल्या मुलाला तीन नवी वर्षं आहेत : 1 जानेवारी, चैत्रातला गुढीपाडवा आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचं गुजराती बेसतुं वरस. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या मुलांचा उगादी आपल्या पाडव्याच्याच दिवशी येतो, ओडिया घरांचं वर्ष एप्रिलच्या मध्याला. ‘व्हाय सो मेनी?’ असं एका मुलानं विचारलं, तेव्हा आम्हाला तो सगळा तास पुरला नाही. खरं तर ही मुलं आपापसात हिंदीत बोलून मोकळी होतात, इंग्रजीवाचून त्यांचं काही अडत नाही. पण समोरच्याला जे ठाऊक नाही ते माझ्याजवळ आहे, हे कळलं की सांगायची हौस येते. मग भाषा कुठली का असेना.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी तर मुलगेच मला शिकवतात. पतंगाला कन्नी बांधणं मला येत नाही. एकदा एक मुलगा पुढे आला, पतंग उताणा धरला आणि म्हणाला, ‘टीचर, मेक टू होल हिअर. टू होल डाउन. पुट थ्रेड. नाऊ मेजर.’ त्यानं दोरा वरच्या टोकापासून खालच्या भोकापर्यंत ताणून दाखवला. ‘नॉट सेम, काइट गो राउंड राउंड.’ अख्ख्या वर्गाला समजलं, मलाही समजलं. त्याच आठवड्यात पक्ष्यांसाठी राज्यभर करुणा अभियान चालतं. म्हणून आम्ही मोठ्या कागदावर तीन भाषांत सूचना लिहितो : पहाटे आणि संध्याकाळी, पाखरं उडत असताना पतंग उडवू नका, नायलॉनचा मांजा घेऊ नका. इंग्रजी सूचना लिहिताना मुलं एकमेकांची स्पेलिंगं तपासतात. कागद गल्लीत लागणार असतो ना!

एक काळजी मात्र मनापासून घ्यावी लागते. ‘तुम्ही दिवाळी कशी साजरी केली?’ हा प्रश्न मी विचारत नाही. एखाद्या घरात त्या वर्षी मृत्यू झालेला असतो, सण नसतो. एखाद्याच्या वडिलांचा पगार अडकलेला असतो. एखाद्या घरी दिवाळीपेक्षा 14 एप्रिल मोठा असतो, एखाद्याकडे ईद, एखाद्याकडे नाताळ. म्हणून मी विचारते, ‘सुट्टीत काय पाहिलंस?’ या प्रश्नाला सगळ्यांकडे उत्तर असतं. एका मुलानं सुट्टीभर वडिलांना डबा पोचवला होता. त्यानं लूमचा आवाज तोंडानं काढून दाखवला आणि इंग्रजीत सांगितलं की तिथं बोललेलं ऐकू येत नाही, सगळे हातानं बोलतात. त्या दिवशीचं ते सर्वांत चांगलं भाषण होतं.

काही इंग्रजी शाळांत आता हॅलोविनचे मुखवटे आणायला सांगतात. दुसऱ्या देशांचे सण मुलांनी जरूर जाणून घ्यावेत. पण ज्याच्या घरी त्याविषयी सांगायला कुणी नाही, त्याच्या आईला मुखवट्यासाठी दुकानं पालथी घालायला लावणं मला अजिबात मान्य नाही.

माझ्या शिक्षकमित्रांना या दिवाळीसाठी एक विनंती. सुट्टीच्या अभ्यासाला पुस्तकातली पानं उतरवून आणायला सांगू नका. गाडीत बसल्यापासून गावी उतरेपर्यंत काय दिसलं, ते तीन वाक्यांत सांगायला सांगा. व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा अशी स्टेशनं जात राहतील, खिडकीपाशी बसलेलं पोर शब्द जुळवत राहील. आणि पालकहो, मुलानं इंग्रजीत काही सांगायला तोंड उघडलं, तर ‘स्पेलिंग सांग’ असं म्हणून त्याला तोडू नका. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी हरकत नाही. ‘मग पुढे काय झालं?’ असं अहिराणीत विचारा. तो पुढचं सांगेल.