पशुवैद्यकाची वाट अकरावीच्या वर्गातून जाते

(सत्तरी तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात दहावी उत्तीर्ण विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आरंभीच एक कबुली देतो. मी कला शाखेचा पदवीधर आहे. गुरांच्या नाडीपरीक्षेतले मला काही कळत नाही. परंतु खात्याच्या प्रसिद्धीच्या कामानिमित्त गेली अनेक वर्षे मी पशुवैद्यकीय डॉक्टरांच्या मागोमाग गोठ्यांतून हिंडलो आहे, लसीकरणाच्या मोहिमांची वृत्ते लिहिली आहेत आणि पालकांच्या प्रश्नांची उत्तरे शोधून दिली आहेत. त्या अनुभवाच्या बळावर आज एकच गोष्ट आपणांसमोर मांडावयाची आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेश बारावीनंतर मिळतो हे खरे. पण तो मिळण्याची किंवा हुकण्याची पहिली तारीख अकरावीच्या प्रवेशाची असते. ती तारीख आता आपल्या दारात आली आहे.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलाची हकीकत सांगतो. घरी चार म्हशी. वासराला ढाळ लागली तर रात्रभर गोठ्यात बसणारा हा मुलगा. दहावीला त्याला गुण उत्तम मिळाले. अकरावीला त्याने विज्ञान शाखा घेतली, आणि घरच्यांना वाटले की आता सर्व दारे उघडली. मात्र विषय निवडताना मित्रांच्या सोबतीने त्याने जीवशास्त्र सोडले आणि गणिताच्या जोडीला संगणकशास्त्र घेतले. बारावीचा निकाल हाती आल्यावर वडील माझ्याकडे आले व म्हणाले, "साहेब, ह्याला गुरांचा डॉक्टर करायचा आहे. अर्ज कुठे मिळतो?" मी गुणपत्रिका पाहिली. पदार्थविज्ञान होते, रसायनशास्त्र होते, इंग्रजी होते. जीवशास्त्राची ओळच नव्हती. त्या गृहस्थांना मी काय उत्तर देणार? मुलाचा दोष नव्हता, बापाचाही नव्हता. योग्य वेळी सांगणारे कोणी भेटले नाही, एवढेच. ते सांगण्यासाठीच आज मी येथे उभा आहे.

नियम काय आहेत ते प्रथम पाहू. आपल्या देशात पशुवैद्यकीय शिक्षणाचा दर्जा 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमान्वये स्थापन झालेली परिषद ठरविते. पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धन ह्या पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यांतील अखेरचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाच्या उमेदवारीचे असते. प्रवेशासाठी बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चार विषय असलेच पाहिजेत. चारही विषयांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते, आणि सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवाराला ह्या चार विषयांत मिळून किमान 50 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना ह्या अटीत सवलत आहे. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबर रोजी वयाची 17 वर्षे पूर्ण झालेली असावीत.

इंग्रजीकडे कृपा करून लक्ष द्यावे. "विज्ञानाला गुण मिळाले की झाले, इंग्रजी कसेही सुटेल," असे पुष्कळ विद्यार्थी मानतात. येथे इंग्रजीचे गुण बेरजेत धरले जातात. शिवाय महाविद्यालयातील ग्रंथ, व्याख्याने व परीक्षा बहुतांशी त्याच भाषेत असतात. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी त्याची धास्ती घेऊ नये. दोन वर्षांचा अवधी हाती आहे, त्याचा उपयोग करावा.

आता कोणी विचारील की, गुरांना औषध देण्यासाठी एवढ्या विषयांचा खटाटोप कशाला? हा प्रश्न मीही एकदा एका वडीलधाऱ्या डॉक्टरांना केला होता. त्यांनी तोंडी उत्तर दिले नाही. मला एका गोठ्यात नेले. नुकतीच व्यालेली दुभती गाय जमिनीवर बसली होती. मान कुशीकडे वळवलेली, कान थंडगार. घरची बाई डोळ्यांना पदर लावून उभी. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली शिरेतून लावली व एका हाताने गाईच्या छातीला नळी धरून ठोके ऐकत राहिले. औषध थेंब थेंब जात होते. काही वेळाने गाईने अंग थरथरवले, ढेकर दिला आणि थोड्या अवधीने ती उठून उभी राहिली. परतताना डॉक्टर म्हणाले, "व्याल्यावर दुधाबरोबर रक्तातले कॅल्शियम एकदम उतरते, हे रसायनशास्त्र. ते उतरले की स्नायू ढिले का पडतात, हे जीवशास्त्र. आणि हीच बाटली मी घाईने सोडली असती तर गाईचे हृदय बंद पडले असते. आता सांगा, कोणता विषय गाळू?"

पदार्थविज्ञानाचेही तसेच आहे. कृत्रिम रेतनासाठी लागणारे वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंश सेल्सिअस तापमानात साठवितात. ते पात्र नीट हाताळले नाही तर गाय गाभण राहत नाही व शेतकऱ्याचा एक हंगाम वाया जातो. क्ष-किरण, सोनोग्राफी, सूक्ष्मदर्शक ही सारी त्याच शास्त्राची लेकरे आहेत. आणि जीवशास्त्राशिवाय तर पाऊलच पुढे पडत नाही. गाईच्या जठराला चार कप्पे असतात, पहिल्या कप्प्यातील सूक्ष्म जीव गवत आंबवितात आणि त्यातून वायू तयार होतो, हे ठाऊक असेल त्यालाच पोटफुगी झालेल्या जनावराची डावी कूस फुगलेली पाहून काय करावयाचे ते सुचते. म्हणून हे विषय म्हणजे वाटेत घातलेला अडसर आहे असे समजू नका. पुढे आयुष्यभर जे काम करावयाचे, त्याचाच हा श्रीगणेशा आहे.

ह्या विद्येने काय साधते, ह्याचा एक दाखला वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. बुळकांडीच्या साथीत गोठेच्या गोठे रिकामे होत असत. तो रोग 2011 साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. माणसांतील देवी रोगानंतर मनुष्याने समूळ नष्ट केलेला हा दुसरा रोग. आपल्या देशात ह्या कार्याचा पाया घालणारी संशोधन संस्था 1889 साली पुण्यास सुरू झाली होती, ही आपणां मराठी भाषिकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. आणि सत्तरीच्या लोकांना मी आणखी काय सांगावे? 2015 साली माकडताप आपल्या तालुक्यात आला. रानात माकड मरून पडले तर त्याची वर्दी का द्यावयाची, गोचिडीपासून जपावयाचे कसे, हे तेव्हा घरोघर कळले. जनावरांचे आरोग्य व माणसांचे आरोग्य ह्यांच्यात भिंत नाही. गावात पशुवैद्य असणे ही केवळ गोठेवाल्याची सोय नव्हे.

आता प्रवेशाच्या रीतीविषयी. आपल्या गोव्यातील विद्यार्थ्यांना ह्या पदवीसाठी राज्याबाहेर जावे लागत आले आहे. तेव्हा वाट अगोदर माहीत असणे आपल्याला इतरांहून अधिक गरजेचे आहे. देशातील मान्यताप्राप्त पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि त्यासाठी नीट परीक्षेतील गुणवत्ता धरली जाते. मुंबईत परळ येथे 1886 पासून चालत आलेले महाविद्यालय सर्वांत जवळच्या महाविद्यालयांपैकी एक. त्याखेरीज महाराष्ट्रात नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे अशी महाविद्यालये आहेत. आपले मराठी बांधव दूरदूर वसलेले आहेत. इंदूरकरांना महू जवळ आहे, हैदराबादकरांना राजेंद्रनगर, बडोदेकरांना आणंद. मात्र प्रत्येक राज्याच्या स्वतःच्या जागांचे नियम निरनिराळे असतात. महाराष्ट्रात त्यांसाठी नीटचे गुण धरतात, तर कर्नाटकात राज्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. बेळगावकडील पालकांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

नीट परीक्षा मराठीतूनही देता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 2025 च्या परीक्षेत 180 प्रश्न, 720 गुण व तीन तासांचा अवधी होता. त्यांत पदार्थविज्ञानाचे 45, रसायनशास्त्राचे 45 आणि जीवशास्त्राचे 90 प्रश्न होते. म्हणजे निम्मी परीक्षा जीवशास्त्राची. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. अंदाजाने ठोकून देण्याची सवय येथे महागात पडते.

आणखी एक खाचखळगा दाखवून ठेवतो. माझ्या नात्यातील एक मुलगी नीट उत्तीर्ण झाली. गुण चांगले होते. घरच्यांची समजूत अशी की, परीक्षा दिली, आता बोलावणे येईल. बोलावणे आले नाही. अखिल भारतीय कोट्यातील पशुवैद्यकाच्या जागांसाठी परिषदेकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. माणसांच्या डॉक्टरकीच्या प्रवेशप्रक्रियेत ती होत नाही. आम्हांला हे कळले तेव्हा मुदत उलटून गेली होती. माहिती देणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्याच घरात हे घडले, ह्याची मला आजही खंत वाटते. त्या मुलीने एक वर्ष घरी राहून अभ्यास केला, पुन्हा परीक्षा दिली आणि आज ती पशुवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. पण ते वर्ष तिला कोणी परत देऊ शकणार नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे निकालाची वाट न पाहता काढून ठेवावीत. दरवर्षी माहितीपत्रक नवे निघते. मागल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. मुलगी असेल तर "गुरांचे काम बायकांचे नव्हे" असे कृपया म्हणू नये. आपल्या घरी पहाटे धार कोण काढते, वासराला कोण पाजते, ते आठवावे.

शिक्षकवर्गाला मी काय सांगणार? एवढेच सुचवितो की, अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी फलकावर चार शब्द लिहावेत: पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी. खाली एक ओळ लिहावी, "पशुवैद्य व्हावयाचे असल्यास ह्यांतील एकही सोडू नये." पंचायतींनीही आपल्या सूचनाफलकावर ही ओळ लावली तर तिला खर्च काहीच नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, सर्वांनाच प्रवेश मिळेल असे खोटे आश्वासन मी देणार नाही. जागा थोड्या आहेत, स्पर्धा मोठी आहे. प्रयत्न करूनही जागा मिळाली नाही, तरी ह्या चार विषयांचा अभ्यास फुकट जात नाही. कृषी, मत्स्यविज्ञान अशा शाखांकडे त्याच पायावरून जाता येते. परंतु विषयच न घेतल्यामुळे दार बंद झाले, असे तुमच्यापैकी एकाच्याही बाबतीत घडू नये. उद्या अर्ज भरताना दोन मिनिटे थांबा, गोठ्यातल्या त्या मुक्या जनावराची आठवण करा आणि मग विषयांपुढे खूण करा.