सैनिकाचे निवृत्तिवेतन आणि घरातील कागद



सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पिढ्यान् पिढ्या सैन्यात मुले पाठविणारी अशी गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. जवान भरती होतो तेव्हा सारा गाव त्याला निरोप देतो. तो परततो तेव्हा मात्र पुढचे प्रश्न बहुधा त्याचे त्यालाच सोडवावे लागतात.

नागरी सेवेतील कर्मचारी साठीच्या सुमारास निवृत्त होतो. जवान पुष्कळदा पस्तिशी-चाळिशीतच गणवेश उतरवितो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात. सर्वसाधारणपणे १५ वर्षांच्या सेवेनंतर त्याला निवृत्तिवेतन मिळते. ते अखेरच्या वेतनाच्या सुमारे निम्मे असते. २०२२ पासून ‘अग्निपथ’ योजनेखाली भरती झालेल्या व चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांना निवृत्तिवेतनाऐवजी एकरकमी ‘सेवा निधी’ देण्याची तरतूद आहे.

‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ हे तत्त्व १ जुलै २०१४ पासून लागू झाले. परंतु रक्कम ठरली म्हणजे ती घरी पोहोचलीच, असे नाही.

जवानाच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क असतो. आपल्याकडे मात्र लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, कित्येकदा नावही बदलते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे आणि पलटणीच्या दप्तरी तिसरेच! पती हयात असेतो ही तफावत कोणाच्या ध्यानात येत नाही. तो गेल्यावर, ऐन दुःखात, त्या माउलीला आपण त्याचीच पत्नी आहोत हे सिद्ध करण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

हे टाळता येण्यासारखे आहे. विवाहाची व अपत्यांच्या जन्माची नोंद सेवेत असतानाच ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये करून घ्यावी. निवृत्तिवेतन आदेश, म्हणजेच पीपीओ, पतिपत्नींनी एकत्र बसून वाचावा. नावात वा जन्मतारखेत चूक आढळल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन घेऊन अभिलेख कार्यालयाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. हयातीचा दाखला प्रतिवर्षी मुदतीत द्यावा.

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. त्या दिवशी निधीला हातभार लावावाच. त्याबरोबर गावातील शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी आणि शिकलेल्या तरुणांनी एखाद्या माजी सैनिकाच्या घरी जाऊन त्याची ट्रंक उघडून कागद तपासून द्यावेत. सीमेवर ज्याने आपली राखण केली, त्याच्या घरासाठी एवढे करणे गावाला सहज शक्य आहे.