तिथी एक, महिने दोन : ऑन्टॉलॉजीचा पहिला पाठ



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये रोवलेले पळसाचे झाड. पांढुर्णा-सौंसरच्या वाचकास हे सांगावे लागत नाही. परंतु हीच माहिती संगणकात नोंदविताना पहिल्याच ओळीत अडचण येते. पोळा कोणत्या महिन्यात? मराठी पंचांगाप्रमाणे श्रावणी अमावास्येस. हिंदी पंचांगाप्रमाणे तीच अमावास्या भाद्रपदातली, कारण तेथे महिना पौर्णिमेस संपतो. गंमत अशी की दुसऱ्याच दिवशी, शुद्ध प्रतिपदेस, दोन्ही पंचांगे पुन्हा एका भाद्रपदात येतात! सीमेवरचा माणूस हे मनातल्या मनात जुळवून घेतो. यंत्रास मात्र ते स्पष्ट सांगावे लागते.

असे सांगण्याच्या शिस्तबद्ध रीतीस माहितीशास्त्रात ऑन्टॉलॉजी म्हणतात. शब्द मूळचा तत्त्वज्ञानातला. कोणत्या वस्तू मानावयाच्या, त्यांचे प्रकार कोणते व परस्परसंबंध कोणते, याचा तो आराखडा होय. शब्द ही केवळ पाटी. संकल्पना तिच्यामागे असते. एका तिथीस दोन पाट्या लावता येतात, तिथी मात्र एकच राहते.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे ‘प्रकार’ आणि ‘भाग’ यांची सरमिसळ. नागपुरी संत्रे हा संत्र्याचा प्रकार. फोड हा संत्र्याचा भाग. दोन्ही एकाच शिडीवर चढविले, तर फोड हे स्वतंत्र फळ आहे असा निष्कर्ष यंत्र निमूटपणे काढील.

काळाचे भान याहून अवघड. १९५६ पूर्वी या मुलखाची राजधानी नागपूर होती, नंतर भोपाळ झाली. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला. म्हणून ‘सौंसर छिंदवाड्यात आहे’ एवढे लिहून भागत नाही. त्या संबंधास आरंभ व अंत जोडावा लागतो. तसे न केल्यास जुना कागद आणि नवा आदेश यांची गाठच पडत नाही.

ग्रंथपालास हे सर्वस्वी नवे नाही. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली; विषयाची अंगे सुटी करून ती पुन्हा जोडण्याची वाट तिने घालून दिली. फरक इतकाच की ग्रंथ एकाच फळीवर बसतो. गोटमार लोकोत्सवात ठेवावी की अपघातांत? तिच्यात माणसे दगावली आहेत, आणि श्रद्धेने झेंड्याची पूजाही होते. एकाच फळीचा आग्रह धरला, तर अर्धे सत्य शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘प्रोटेजे’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. परंतु आरंभास कोरी कार्डे पुरेत. प्रथम आराखड्याने उत्तरे द्यावीत असे पाच प्रश्न लिहावेत. त्यांतील एक असा असावा : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जखमी झालेल्यांविषयीचे, १९५६ पूर्वीचे व २०२३ नंतरचे कागद एकत्र कसे सापडतील?