कंसातला आकडा



मी शाळेत होतो तेव्हा वर्गात माझ्याच नावाची तीन मुलं होती. गुरुजींनी हजेरीपटात आमच्या नावांपुढे कंसात १, २, ३ असे आकडे घातले. मी दोन नंबरचा. पण मी एक नंबरच्या मुलाची नक्कल आहे असं कधी कुणाला वाटलं नाही. आकडा एवढंच सांगायचा, की हे नाव आधी कुणीतरी घेतलेलं आहे. इतकी साधी गोष्ट मी पन्नाशी ओलांडल्यावर कॉम्प्युटरसमोर बसून विसरलो. त्याची हकीकत आज सांगणार आहे.

इंटरनेटवरून एखादी फाइल उतरवून घेतली, म्हणजे डाउनलोड केली, की ती 'डाउनलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. तिचं नाव बहुधा पाठवणाऱ्याने दिलेलं असतं. एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत. मग ब्राउझर काय करतो? ते नाव मोकळं आहे का, एवढंच पाहतो. नसेल तर पुढे कंसात १ लिहितो, त्यानंतर २, मग ३. क्रोम हा कंस एक जागा सोडून घालतं, फायरफॉक्स नावाला चिकटवून. आतला मजकूर जुन्या फाइलीशी ताडून पाहणं हे त्याचं काम नाही. जुनी फाइल पुसली जाऊ नये, एवढी काळजी मात्र तो घेतो.

आता समजा, विजेचं बिल दर महिन्याला 'बिल' या एकाच नावाने येतं. सहा महिन्यांत तुमच्याकडे 'बिल' आणि पुढे १ ते ५ आकड्यांची बिलं जमतात. ही सहा महिन्यांची सहा वेगळी बिलं. उलट इंटरनेट संथ आहे म्हणून तुम्ही वैतागून एकच बटण तीनदा दाबलंत, तर एकाच फाइलीच्या तीन प्रती उतरतात. बाहेरून दोन्ही ठिकाणी तोच कंस आणि तेच आकडे.

माझ्या कवितासंग्रहाची प्रुफं मेलवर यायची. प्रत्येक वेळी फाइलीचं नाव तेच, 'प्रूफ'. वडिलांवरच्या एका कवितेत 'अब्बांची कबर' असे शब्द आहेत. पहिल्या प्रुफात तिथे 'अब्बांची खबर' झालं होतं. मी ते दुरुस्त करायला कळवलं. दुसरं प्रूफ आलं, त्यात 'कबर' नीट होतं. मला समाधान वाटलं. ब्राउझरने त्या फाइलीला कंसात १ लावला होता, तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

एका संध्याकाळी फोल्डर आवरायला बसलो. कंसातल्या आकड्याच्या साऱ्या फाइली म्हणजे दुबार प्रती, असं समजून सगळ्या काढून टाकल्या. कामात चोख म्हणून रिसायकल बिनही रिकामा केला. चार दिवसांनी विचारणा झाली, शेवटची फाइल पाठवता का? मी उरलेलं 'प्रूफ' पाठवलं आणि लिहिलं, छापायला हरकत नाही.

पुस्तक आलं. पहिली प्रत थोरल्या बहिणीला दिली. आपाने चष्मा लावला, वडिलांवरचीच कविता काढली, मोठ्याने वाचू लागली आणि थांबली. म्हणाली, "अब्बांची खबर? कुणी आणली रे?"

मला काय बोलावं सुचेना. चूक छापखान्याची नव्हती. माझी होती.

नंतर मी हा विषय थोडा समजून घेतला. फाइलीचा आकार पाहिला तर फरक कळेल का? नेहमी नाही. हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेतं. साध्या मजकुराच्या फाइलीत एक अनुस्वार गळला तर ३ बाइट कमी होतील आणि फरक दिसेल. पण 'क'च्या जागी 'ख' आला तर आकार तंतोतंत तोच राहतो. म्हणजे आकार वेगळा असेल तर फाइली वेगळ्या. आकार सारखा असेल तर मात्र फाइली सारख्याच, असं म्हणता येत नाही.

खात्रीचा उपाय म्हणजे फाइलीचा ठसा काढणं. एसएचए-२५६ ही त्याची एक पद्धत, अमेरिकेच्या मानक संस्थेने २००२ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध केलेली. फाइल केवढीही असो, ठसा ६४ अक्षरांचा-आकड्यांचा येतो. मजकुरात एक अक्षर बदललं की सगळा ठसा बदलतो. ठसे जुळले तर फाइली एकच समजायला हरकत नाही. विंडोजमध्ये त्यासाठी 'सर्टयुटिल' नावाचं साधन असतं.

पण घरच्या वापराला याहून सोप्या सवयी पुरतात. डाउनलोडचं बटण पुन्हा दाबण्याआधी कंट्रोल आणि जे ही दोन बटणं एकदम दाबा. आज काय काय उतरलं त्याची यादी क्रोममध्ये समोर येते. ती यादी पुसली म्हणजे फाइली गेल्या असं नव्हे. त्या फोल्डरमध्ये असतातच.

दुसरं, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये 'फाइल कुठे ठेवायची ते दर वेळी विचारा' अशी सोय आहे. ती चालू केली की उतरवतानाच नाव बदलता येतं. नावात तारीख घाला, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. मात्र इथे एक धोका आहे. जुनंच नाव ठेवलंत तर कॉम्प्युटर विचारतो, आधीची फाइल बदलू का? तिथे घाईने 'हो' म्हटलं तर जुनी फाइल जाते.

आणि तिसरं, काढून टाकण्याआधी फाइल उघडून पाहा. दुबार प्रत राहून गेली तर थोडी जागा अडते. एकुलती प्रत गेली तर ती परत येत नाही.

माझ्याकडच्या सगळ्या प्रतींत मी पेनने 'ख' खोडून 'क' केला. आपाची प्रतही मागितली. तिने दिली नाही. म्हणाली, "राहू दे. इतक्या वर्षांनी खबर तरी आली."

आता माझ्या कॉम्प्युटरवर 'प्रूफ' नावाची एकही फाइल नाही. प्रत्येकीला तिचं स्वतःचं नाव आणि तारीख आहे. ते लिहायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा तुम्हीही काढा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)